दुसरी नोकरी

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्री पुण्याच्या संगमवाडीत पणजीच्या बस लागतात, तेव्हा तिथं उभं राहून बघण्यासारखं असतं. पाठीवर लॅपटॉपची काळी सॅक, हातात बाकरवडीच्या पिशव्या, कानाला फोन, आणि फोनवर घरच्यांशी एकच विषय: माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या छताला, काय काय मिळालं आणि काय राहिलं. बोलणं कोकणीत, पण मधूनच ‘रिलीज’, ‘क्लायंट’, ‘सोमवारी घरूनच करतो’ असे शब्द. कुणी फोंड्याचा, कुणी डिचोलीची, कुणी कुडचड्याचा, कुणी थेट काणकोणची. राहायला सगळे हिंजवडी, बाणेर, खराडीत. बंगळूरहूनही त्याच रात्री तशाच बस निघालेल्या असतात.

एरवीच्या शुक्रवारी याच बस याच वेळेला पुण्याच्या आयटीवाल्यांना समुद्रावर घेऊन जातात. ते सोमवारी पहाटे परत. चवथीवाले दीड, पाच किंवा सात दिवसांनी परत. गणपती किती दिवसांचा त्यावर. म्हणजे गोव्याकडे संगणकाची माणसं वर्षभर भरभरून जात असतात. फक्त मुक्काम करत नाहीत. आणि तिकडे वेर्ण्यातल्या, पर्वरीतल्या छोट्या कंपन्यांच्या दारावर ‘पाहिजेत’च्या पाट्या वर्षभर तशाच राहतात.

या टंचाईची खरी किंमत मला पहिल्यांदा कळली ती कळंगुटच्या एका छोट्या हॉटेलात, डिसेंबरच्या २९ तारखेला. बावीस खोल्या. मालकाच्या वडिलांनी घरामागच्या माडांत चार खोल्या बांधून धंदा सुरू केला होता, मुलानं तो वाढवला. रात्री साडेदहाला काउंटरसमोर दोन कुटुंबं उभी होती, दोघांच्या मोबाइलवर एकाच खोलीचं पक्कं बुकिंग, दोघांनीही पैसे भरलेले. लहान मुलं सोफ्यावर झोपलेली.

घडलं होतं ते असं. आजकाल खोली एक आणि ती विकणारे पाच असतात: तीन-चार बुकिंगच्या साइट, हॉटेलची स्वतःची साइट आणि फोनवर बुकिंग घेणारा मालक. एकानं खोली विकली की बाकीच्या चौघांकडची ती क्षणात उतरवावी लागते. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला धंद्यात चॅनल मॅनेजर म्हणतात. त्या दिवशी दुपारी एका साइटशी त्याचा दुवा तुटला. पडद्यावर कुठे लाल अक्षरं आली नाहीत की काही नाही. ती साइट आपली विकत राहिली. हेल्पलाइनला फोन केला तर तक्रार क्रमांक मिळाला. ज्या मुलानं ही सगळी जोडणी करून दिली होती तो म्हापशाचाच, पण वर्षभरापूर्वी बंगळूरला गेलेला. तो तिथं स्वतःच्या रात्रपाळीत होता. त्यानं आपलं काम बाजूला ठेवून फोनवरून पाऊण तास एकेक पायरी सांगितली आणि दुवा पुन्हा जोडून दिला. तोवर आणखी दोन खोल्या दुबार विकल्या गेल्या होत्या. एका कुटुंबाला मालकानं स्वतःची झोपायची खोली दिली आणि बायको-मुलांना मेव्हण्याकडे पाठवलं. पहाटे चहा पिताना तो म्हणाला, “रूम मेळटा रे बाब, मनीस मेळना.” खोली मिळते, माणूस मिळत नाही.

‘आम्ही तर हॉटेल चालवतो, आम्हाला कशाला लागतात कॉम्प्युटरवाले’ असं म्हणण्याचे दिवस जाऊन आता बरीच वर्षं झाली. १९८७ साली जर्मनीहून पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं तेव्हा प्रवाशांची यादी, खोल्यांची वाटणी, सगळं परदेशातल्या टूर कंपनीनं आधीच ठरवलेलं असायचं. हॉटेलला फॅक्स यायचा. आज पाहुणा देशातलाच असतो आणि एकेकटा येतो. २०२४ साली गोव्यात आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा १ कोटीच्या वर होता, त्यात परदेशी पाच लाखांच्या आतच. २०११च्या जनगणनेत १४.५८ लाख वस्ती भरलेल्या राज्यात हे एवढे लोक येतात ते मोबाइलवर बोट फिरवून. ज्या साइटवरून येतात ती प्रत्येक खोलीमागे साधारण १५ टक्के आणि त्याच्या पुढे कापून घेते. बुकिंग डॉट कॉमचा जन्म १९९६ साली नेदरलँड्समध्ये झाला, मेकमायट्रिप २००० साली दीप कालरा यांनी सुरू केली, ती आज गुरुग्रामहून चालते. वाळू गोव्याची, माड गोव्याचे, मासळी गोव्याची. पण कोणत्या रात्री खोली किती रुपयांना विकायची याचं गणित, गिऱ्हाइकांची यादी, ते परत कधी येतील याचा अंदाज, हे सगळं दुसऱ्यांच्या मशीनमध्ये आहे. ते मशीन चालवणाऱ्या काही मुली-मुलांचं आडनाव नाईक किंवा फर्नांडिस असतं, पण पगार गुरुग्रामला होतो.

मग गोव्यात मुलंच तयार होत नाहीत का? उलट. फर्मागुढीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ सालचं. गोवा मुक्त होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. विद्यापीठ १९८५चं. २००४ साली झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर आला, २०१० साली एनआयटी, २०१६ साली आयआयटी. शिवाय वेर्ण्याचं पाद्रे कॉन्सेसांव, फातोर्ड्याचं डॉन बॉस्को. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या, आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान राज्यात ही एवढी यादी. लोकसंख्येच्या मानानं इंजिनिअरिंगच्या जागा मोजल्या तर गोव्यानं कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही.

पण कॉलेज म्हणजे नळ नव्हे, की खाली बादली ठेवली आणि भरली. बिट्सची मुलं देशभरातून परीक्षा देऊन येतात, चार वर्षं झुआरीनगरच्या टेकडीवर राहतात, समुद्रकिनारे पाठ करतात आणि पदवीच्या दुसऱ्या दिवशी जातात. त्यात त्यांचा दोष नाही. आयआयटीची तर वेगळीच कहाणी. ती अजून फर्मागुढीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात पाहुणी आहे. तिच्या कायमच्या जागेसाठी लोलयें झालं, सत्तरीतलं मेळावली झालं, सांगें झालं, अलीकडे कोडार झालं. प्रत्येक ठिकाणी गावकऱ्यांनी विरोध केला. मेळावलीत जानेवारी २०२१मध्ये पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, दगड आणि अश्रुधूर झाला, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. गावकऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. मला ते तसे वाटत नाहीत. गोव्यात सरकारला दिलेली किंवा विकलेली जमीन पुढे कशाला वापरली जाते, हे त्यांनी किनाऱ्यावर चाळीस वर्षं पाहिलेलं आहे.

टंचाईचं मूळ मात्र कॉलेजात सापडत नाही. ते सापडतं पदवीनंतरच्या तिसऱ्या वर्षी.

फोंड्याची एक मुलगी घ्या. पास झाली, वेर्ण्यातल्या तीस माणसांच्या कंपनीत लागली. घरचं जेवण, स्वतःची स्कूटर, आईबाप खूश. अडीच वर्षांनी तिला पगार वाढवून हवा असतो, किंवा नवं तंत्र शिकायचं असतं, किंवा साहेबाशी पटेनासं झालेलं असतं. यातलं काहीतरी प्रत्येकाला होतंच. हिंजवडीत असती तर तिनं कंपनी बदलली असती, म्हणजे त्याच रस्त्यावरचं पुढचं गेट. भाड्याचं घर तेच, मैत्रिणी त्याच, डबाही तोच. वेर्ण्यात कंपनी बदलणं म्हणजे राज्य बदलणं. तिच्या कामाशी जुळणाऱ्या कंपन्या सबंध गोव्यात चार-पाच. त्यातल्या दोन ठिकाणी जागा नाही, एक पगार देत नाही, एकाचा मालक सध्याच्या मालकाचा मित्र. मग ती पुण्याला जाते. आणि ज्यांना हे आधीच दिसतं ते पहिल्या नोकरीलाच पुण्याला जातात, उगाच अडीच वर्षं कशाला घालवायची?

पहिली नोकरी देणारे गोव्यात आहेत. नाही ती दुसरी.

इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शलनं १८९० सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरच्या ग्रंथात एक साधा प्रश्न घेतला होता: एकाच धंद्याचे कारखाने एकाच गावात दाटीवाटीनं का बसतात? शेफिल्डला सुऱ्या-कात्र्या, दुसरीकडे मातीची भांडी. त्याचं उत्तर थोडक्यात असं की कुशल कामगाराला जिथं पुष्कळ मालक आहेत तिथं जायचं असतं आणि मालकाला जिथं पुष्कळ कामगार आहेत तिथं. शिवाय अशा गावात धंद्याच्या खुब्या चहाच्या टपरीवर ऐकूनही कळतात. इचलकरंजीत मागाचं काम शिकायला कुणी कॉलेजात जात नाही, ते यामुळेच. सॉफ्टवेअरला ना कोळसा लागतो ना नदी, तेव्हा ते कुठेही होईल असं १९९०च्या दशकात सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलट. कच्चा माल माणूसच असल्यामुळे हा धंदा माणसांच्या दाटीला आणखी चिकटला.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टंचाई सगळ्या वयांची नसते. नवे पदवीधर गोव्यात मिळतात. पन्नाशीला आलेले, पुण्या-मुंबईत कमावून परतलेलेही अधूनमधून मिळतात. मिळत नाही तो आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेला मधला माणूस, ज्याला ऑफिसात सगळे ‘सीनियर’ म्हणतात. तो दोन कामं करतो. अवघड काम स्वतः करतो आणि शेजारच्या नवख्याचं काम तपासतो. नवखा मुलगा रात्री अकराला सर्व्हर बंद पडल्यावर पहिल्यांदा कुठे बघायचं हे पुस्तकात शिकत नाही, या माणसाच्या खांद्यावरून बघून शिकतो. तो नसला की नवखे नवखेच राहतात, पाच वर्षांनीही. मग बाहेरची कंपनी चौकशीला येते, मुलाखती घेते आणि ‘इथली मुलं तयार नाहीत’ म्हणून जाते. मुलं हुशार असतात. त्यांच्या शेजारी कुणी बसलेलं नसतं, एवढंच.

हे दुखणं तसं कुठल्याही लहान गावाचं. पर्यटन त्यात काय भर घालतं?

हॉलंडमध्ये १९५९ साली ग्रोनिंगन इथं नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. देश श्रीमंत झाला आणि त्याचे कारखाने मात्र सुकत गेले; वायूच्या पैशानं चलन महागलं, मजुरी महागली, इतर माल परवडेना. ‘द इकॉनॉमिस्ट’नं १९७७ साली या प्रकाराला ‘डच डिसीज’ असं नाव दिलं. पुढे १९९१ साली ब्रायन कोपलँड या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं की पर्यटनानंही असंच होऊ शकतं. पाहुणा जे विकत घेतो ते बहुतेक जागेवरच बनतं: खोली, जेवण, टॅक्सी. त्याला मागणी वाढली की जागा आणि माणसं महागतात, आणि बाकीचे धंदे या दोन्ही गोष्टींसाठी पर्यटनाशी बोली लावता लावता थकतात. नंतर कुणी याला किनाऱ्याचा आजार असंही म्हटलं.

गोव्यात हा आजार बघायला अर्थशास्त्र लागत नाही, काळी नंबरप्लेट पुरते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली की ती भाड्याची दुचाकी. डिसेंबरात एका स्कूटरचे दिवसाला पाचशे रुपये सहज येतात. घरासमोर अशा तीन स्कूटर असल्या आणि महिन्यात वीस दिवस फिरल्या तर तीस हजार झाले. छोट्या कंपनीत नव्या इंजिनिअरला वीस-पंचवीस हजार मिळतात, तेही चार वर्षांच्या फीनंतर. पावसाळ्यात स्कूटर ताडपत्रीखाली जातात हे खरं, पण बारावीतल्या मुलाला हा हिशेब कुणी पूर्ण वर्षाचा करून दाखवत नाही. त्याला डिसेंबरच दिसतो. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली-सांग्याकडे हेच ट्रकनं केलं होतं. बँकेचं कर्ज, एक टिप्पर, आणि शाळेची गरज संपली. २०१२ साली खाणी एकदम थांबल्या तेव्हा दारोदारी ते टिप्पर गवतात उभे राहिले.

जमिनीचं तर विचारूच नका. हणजूण, आसगाव, शिवोलीत घर भाड्यानं द्यायचं तर पाहुण्याला रात्रीच्या हिशेबानं देणं परवडतं; महिन्यावर राहणारा पगारदार घरमालकाला नको असतो. पुण्याहून आलेला सीनियर, बायको, एक मूल: त्याला अकरा महिन्यांच्या करारावर दोन खोल्यांचं घर हवं. एजंट त्याला विचारतो, “डिसेंबरात खाली कराल ना?” आपल्याच घरातून दरवर्षी नाताळात बाहेर पडायचं, या अटीवर कोण येणार?

इथं कुणीतरी ‘सुशेगाद’ हा शब्द काढतोच. गोंयकार मुळात आरामशीर, त्याला दुपारची झोप प्यारी, तो काय करणार कोडिंग. हे बोलणाऱ्यांनी एकदा मुंबईच्या धोबीतलावला जावं. तिथल्या जुन्या इमारतींत गोव्यातल्या गावागावांचे कूड आहेत, म्हणजे क्लब. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गावच्या माणसाला पेटी ठेवायला जागा आणि पडायला चटई. पिढ्यान्‌पिढ्या हे तारवटी, म्हणजे खलाशी, जगभरच्या जहाजांच्या इंजिनखोल्यांत आणि भटारखान्यांत राबले. पुढे आखात आलं. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट; ज्यांचे आजी-आजोबा किंवा आईबाप १९ डिसेंबर १९६१च्या आधी इथं जन्मले त्यांना तो काढता येतो, आणि तो घेऊन हजारो लोक इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी गेले. आळशी माणसं एवढी वणवण करत नाहीत. गोव्याला बाहेर जायची सवय आहे, आणि बाहेर जाण्याची सोय तर इतकी पक्की बसलेली की राहणाऱ्यालाच लोक विचारतात, “अजून इथंच?”

सरकार स्वस्थ बसलेलं नव्हतं. मनोहर पर्रीकर स्वतः मुंबई आयआयटीचे. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातल्या ‘सायबरएज’ योजनेत अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले, तेही ज्या काळात महाराष्ट्रात बहुतेक शाळांमधला एकुलता एक संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असे. त्यातली कित्येक मुलं आज संगमवाडीच्या त्या बसमध्ये आहेत. दोनापावलाला आयटी कंपन्यांसाठी वसाहत करायची ठरली, ती लोकांच्या विरोधात अडकली. विशेष आर्थिक क्षेत्रांचं धोरण २००७च्या ३१ डिसेंबरला सरकारनं आंदोलनापुढे मागे घेतलं. २०१८ला आयटी धोरण आलं. अलीकडे शाळांतून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबॉटिक्स शिकवायची योजना सुरू झाली, ती मला यातली सगळ्यात बरी वाटते. वेर्ण्याची वसाहतही रिकामी नाही. नेटवर्किंगची उपकरणं करणारी स्मार्टलिंक तिथलीच आणि पुण्याच्या पर्सिस्टंटचंही तिथं केंद्र आहे. पण धोरणं सवलती देतात त्या कंपनीला: वीज, भाडं, व्याज. भाड्याचं घर शोधणाऱ्या सीनियरला द्यायला त्यांच्याकडे फारसं काही नसतं.

त्यातच २०१८ साली पर्यटन महामंडळानं ‘गोवामाइल्स’ हे टॅक्सीचं ॲप आणलं आणि तंत्रज्ञान म्हणजे काय याचा एक अर्थ किनाऱ्यावर कायमचा ठरून गेला. टॅक्सीवाल्यांच्या लेखी ॲप म्हणजे भाडं ठरवण्याचा हक्क काढून घेणारा परका. संप झाले, वाटेत गाड्या अडवल्या गेल्या. ओला-उबर गोव्यात आजही रस्त्यावर नाहीत. पाहुणे टॅक्सीवाल्यांना शिव्या देतात, आणि भाडी ऐकली की त्या समजण्यासारख्याही वाटतात. पण टॅक्सीवाल्याच्या घरातली मुलगी जेव्हा बापाला सांगते की मला ॲप बनवायला शिकायचंय, तेव्हा त्या घरात काय बोलणं होत असेल, याचाही विचार करावा.

मग २०२० साल आलं, आणि जे धोरणांना जमलं नव्हतं ते कोविडच्या साथीनं करून दाखवलं. बंगळूर, मुंबई, दिल्लीचे आठ-दहा वर्षांच्या अनुभवाचे, नेमके तेच मधले लोक लॅपटॉप घेऊन गोव्यात राहायला आले. शिवोलीच्या आणि म्हापशाच्या आसपासच्या गावांत जुन्या पोर्तुगीज घरांच्या बाल्कनीत हेडफोन लावून बसलेली माणसं दिसू लागली. तंत्रज्ञांची दाटी झाली. टंचाई तसूभरही हलली नाही. ते बंगळूरचं काम करत, बंगळूरचा पगार घेत. गोव्यातल्या एकाही नवख्याच्या शेजारी बसले नाहीत. गावाला त्यांच्याकडून मिळालं ते कॅफे आणि वाढलेलं घरभाडं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यातल्या एकानं तर शेजारच्या वाड्यावरच्या मुलांना रविवारी पायथन शिकवायला सुरुवात केली होती. मग कंपनीनं ऑफिसला बोलावलं, तो गेला.

यातून कुणी सुटलं आहे का? एक गाव मला माहीत आहे, आणि त्याचं नशीब पूर्ण सरळ नाही म्हणूनच ते सांगतो.

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मालागा. पिकासोचं जन्मगाव. कोस्ता देल सोल, म्हणजे ऊनवाला किनारा, तिथं १९५०च्या दशकापासून उत्तर युरोपातले लोक अंग भाजून घ्यायला येतात. कळंगुटला जे १९८०नंतर झालं ते तिथल्या तोर्रेमोलिनोसला पंचवीस-तीस वर्षं आधी झालं. १९७२ साली तिथं विद्यापीठ आलं, आणि १९९२ साली, शेजारच्या सेव्हिलमधला जागतिक प्रदर्शनाचा थाट नुकताच संपलेला असताना, शहराबाहेर कांपानिल्यासच्या शेतजमिनीवर तंत्रज्ञान पार्क उघडलं. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या. बरीच वर्षं लोक त्याची चेष्टा करत असणार, माझी खात्री आहे; अशा पार्कांची चेष्टा सगळीकडे होते.

त्याच वर्षी मालागाच्या पॉलिटेक्निकमधल्या संगणकांना एक व्हायरस लागला. त्याला पुढे ‘मालागा’ असंच नाव पडलं. तो काढायचं काम शिक्षकांनी बेर्नार्दो किंतेरो नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला दिलं. त्यानं तो काढला, आणि त्याला त्याच विषयाचा नाद लागला. पुढे तिथंच राहून त्यानं मित्रांबरोबर कंपनी काढली, २००४ साली ‘व्हायरसटोटल’ सुरू केलं. कुणीही संशयित फाइल तिथं टाकावी, ती एकाच वेळी डझनावारी अँटीव्हायरसकडून तपासून मिळते. २०१२ साली ते गुगलनं विकत घेतलं. अशा वेळी सहसा काय होतं? माणसं कॅलिफोर्नियाला जातात आणि गावात एक बातमी उरते. इथं किंतेरोनं आणि त्याच्या चमूनं गाव सोडलं नाही. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, गुगलनं आपलं सायबरसुरक्षेचं केंद्र मालागाच्या बंदराजवळ उघडलं. दरम्यान इतरही आले, २००७मध्ये माद्रिदला अडीच तासांत नेणारी वेगवान रेल्वे आली, आणि आज त्या पार्कमध्ये सहाशेच्या वर कंपन्या नि वीस हजारांवर माणसं आहेत. म्हणजे तिथं दुसरी नोकरी आहे, तिसरी आहे, चौथीही आहे. त्याला तीस वर्षं लागली. आपल्याकडचं धोरण पाच वर्षांचं असतं.

आणि जून २०२४मध्ये त्याच मालागात हजारो लोक रस्त्यावर उतरले, घरभाडं परवडत नाही म्हणून. पर्यटकांना रात्रीवर दिली जाणारी घरं हे मुख्य कारण. पण बाहेरून आलेले चांगल्या पगाराचे संगणकवालेही त्या कारणांत होतेच. किनाऱ्याचा आजार बरा करायला जे औषध घेतलं त्याचाही ताप येतो, हे तिथल्या लोकांना आता कळलं आहे.

गोव्याला हे सगळं जमेल का, हे मला सांगता येणार नाही. पण शेजारी काय चाललंय ते दिसतं. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये उघडला, पलीकडे मोप्याचा जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची मुलं पहाटे दुचाकीवरून सीमा ओलांडून गोव्यात कामाला जातात: हॉटेलात, औषधांच्या कारखान्यात. मालवण-तारकर्लीला डिसेंबरात खोली मिळत नाही. कुडाळच्या एका कॉलेजात मी बोलायला गेलो होतो, तिथं संगणकाच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाला विचारलं, पुढे कुठे? जवळजवळ सगळे पुणे म्हणाले. एक मुलगा मात्र म्हणाला, “गोवा.” मला बरं वाटलं. विचारलं, कुठली कंपनी? म्हणाला, “कंपनी नाही सर, मामाचं वॉटरस्पोर्ट्स आहे.”

गेल्या वर्षी मी पर्वरीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बसलो होतो. मालक माझा जुना ओळखीचा, बारा वर्षं पुण्यात काढून घरी परतलेला. चौदा माणसं, हॉटेलांसाठीच सॉफ्टवेअर करतात. त्या कळंगुटच्या हॉटेलला तेव्हा जे हवं होतं तेच. त्या दिवशी मुलाखती चालू होत्या. डिचोलीची एक मुलगी आली, हुशार, बोलायला चटपटीत. तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग शेवटी मालकानं नेहमीप्रमाणे विचारलं, “तुला काही विचारायचंय गो बाय?” आम्हाला वाटलं पगार विचारेल. तिनं विचारलं, “सर, इथं माझं काम कोण तपासणार?”

तो क्षणभर थांबला. म्हणाला, “मी.”

“आणि तुम्ही हॉटेलवाल्यांकडे गेलेले असाल तेव्हा?”

तो हसला, त्यानं खिडकीबाहेर बघितलं. तिला हो म्हणावंसं वाटत होतं असं मला दिसत होतं. घर वीस मिनिटांवर, आई एकटी. आठ दिवसांनी तिचा मेल आला. पुण्याहून.